भाकरीतलं लोखंड

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या परभणीकडच्या लेकरांनी पहिल्यांदा लाल ज्वारी पाहिली. तिला ‘मिलो’ म्हणायचे. अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळायची. भाकर थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या. आजी म्हणायची, “ही काय जवारी हाय व्हय? पन पोट भरतं, खा गुमान.”

माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायची, टोपल्यात उरलं तर.

त्या साली ती पोटुशी होती. पापण्या आतून पांढऱ्याफटक, चार पावलं चढली की धाप. “अंगात रगत नाही,” एवढंच घरात कळायचं. धाकटी बहीण झाली, पण माय महिनाभर बाजेवरून उठली नाही. गर्भार बायांना लोहाच्या गोळ्या द्यायची देशभरातली योजना 1970 मध्येच सुरू झालेली होती, हे मला फार उशिरा समजलं. आमच्या घरात त्या गोळीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्या विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसोबत काम करून 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. साध्या ज्वारीत किलोमागे लोह 30 मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्त 20 च्या आसपास असतं. या वाणात लोह 40 च्या वर आणि जस्त 30 च्या वर आहे. रक्तातून प्राणवायू वाहून न्यायला लोह लागतं. लेकरांच्या वाढीला, जखम भरून यायला जस्त लागतं. दाण्यात फायटेट नावाचं एक द्रव्य असतं, ते लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. तेही या वाणात कमी आहे.

वाण आला, पण रानं बदलली होती. खरिपात जिथं ज्वारीचं कणीस डोलायचं तिथं आता सोयाबीन आहे. आम्हीही तेच पेरतो, खोटं कशाला सांगू? सोयाबीनचा पैसा येतो, पण भाकरीची ज्वारी विकत आणावी लागते.

तरी सूनबाईला दिवस गेले तेव्हा घरापुरती ज्वारी पेरली. लोखंडी तवा माळ्यावरून काढला. भाकरीसोबत पालेभाजी, वर लिंबू पिळायचं, कारण आंबटानं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र बंद, तो लोह अडवतो. दवाखान्यातल्या गोळ्याही चालूच ठेवल्या. आणि पहिलं ताट सुनेला.

माय दाराशी बसून बघत होती. म्हणाली, “आमच्या वक्ताला असं कुटं व्हतं बाबा?”

मी काही बोललो नाही. तिच्याही ताटात गरम भाकर वाढली.