बारामती-इंदापूर परिसरातील जुनी शाळागृहे : लोकल फंड, स्थापत्य आणि निर्लेखन

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके शेतसाऱ्याच्या इतिहासात विशेष अभ्यासले जातात. प्रिंगल याची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास नव्या जमीनमोजणीस इंदापुरातूनच प्रारंभ केला. येथील जुन्या शाळागृहांचा इतिहासही त्याच शेतसाऱ्याशी निगडित आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

ब्रिटिश अमदानीच्या आरंभी गावच्या शाळेस स्वतंत्र इमारत नसे. पंतोजी देवळाच्या ओवरीत वा एखाद्या वाड्याच्या पडवीत मुले बसवीत आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. १८६३ नंतर मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड उपकर बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. १८६९ च्या कायद्याने त्यास अधिष्ठान लाभले. त्यामुळे ‘सरकारी शाळा’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा ठरतो. त्या भिंतींत १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या कुणब्याचा पैसा आहे. त्याची मुले मात्र आत अभावानेच दिसत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकी हीच विसंगती मांडली होती.

या शाळागृहांची रचना साधारणतः एकसारखी आढळते : काळ्या दगडाचे जोते, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागवानी कैच्या, पुढे ओसरी आणि वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. हे छप्पर येथे उपरेच म्हणावे लागेल. अल्प पावसाच्या या मुलखात पांढऱ्या मातीच्या धाब्याची घरे बांधली जात. उतरत्या कौलांची निकड नव्हती. मात्र उंच छत, जाड भिंत आणि ओसरीची सावली यांमुळे उन्हाळ्यात वर्ग सुसह्य राहत असे. १९१४ मध्ये दौंड-बारामती अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाल्यावर बाहेरचे बांधकाम-साहित्य आणणे सुलभ झाले असावे.

माध्यमिक शिक्षणाची वाट निराळी होती. १८६० मध्ये पुण्यात वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांनी स्थापिलेली संस्था १९२२ पासून महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. बारामतीतील तिचे विद्यालय या खाजगी परंपरेतील होय.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लोकल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. आज धोकादायक वर्गखोल्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव होतो तेव्हा वयोमान व मोडकळीची अवस्था पाहिली जाते. स्थापत्याची नोंद त्यात अभिप्रेत नसते. मुलांच्या डोक्यावर मोडके छप्पर ठेवावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पाडण्यापूर्वी इमारतीचे मोजमाप, आराखडा आणि छायाचित्रे घेणे हे काम तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. शाळेचे जनरल रजिस्टर व शेरेबुक नव्या इमारतीत हलविले जाते. जुन्या इमारतीचे सागवान आणि घडीव दगड मात्र लिलावात जातात.