किन्सेंनी विचारलेले प्रश्न

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्से प्राणिशास्त्र शिकवत. ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचे लाखो नमुने त्यांनी जमवले होते. १९३८ मध्ये विवाहविषयक अभ्यासक्रम त्यांच्याकडे आला. विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तर द्यावं, तर खात्रीची माहितीच कुठे सापडेना. मग ते एकेकाला समोर बसवून त्याच्या लैंगिक जीवनाविषयी विचारू लागले. ओरड झाली. १९४० मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी अभ्यासक्रम किंवा मुलाखती, यांपैकी एकच निवडायला सांगितलं. किन्सेंनी मुलाखती निवडल्या.

त्यांची विचारण्याची रीत मुळापासून वेगळी होती. ‘हे कधी केलंय का?’ असं ते विचारत नसत; ‘पहिल्यांदा केव्हा केलंत?’ असा थेट प्रश्न असे. त्यामुळे कबुली देण्याचा संकोचच उरत नसे. सुमारे तीनशे प्रश्नांची उत्तरं सांकेतिक खुणांनी एकाच कागदावर टिपली जात. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर धक्का दिसायचा नाही, की नापसंती. किन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे अशी जवळपास १८ हजार माणसं मोकळी झाली.

पुरुषांवरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं, स्त्रियांवरचं १९५३ मध्ये. खप प्रचंड झाला आणि टीकाही. १९५४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने या संशोधनाची आर्थिक मदत थांबवली. दोन वर्षांनी किन्से वारले.

त्यांची टक्केवारी आज जशीच्या तशी कोणी धरत नाही, आणि ते योग्यच आहे. आपणहून आलेले लोक, तुरुंगातले कैदी, यांच्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय मुलांविषयीची काही कोष्टकं बालकांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाच्या नोंदींवरून तयार केली होती. विज्ञानाच्या नावाखाली गुन्ह्याकडे केलेली ही डोळेझाक अक्षम्य आहे.

तरीही पुढची वाट त्यांच्याच कामातून निघाली. अमेरिकेतल्या राज्यांसाठी नमुना म्हणून आखलेल्या आदर्श दंडसंहितेच्या १९५५ च्या मसुद्यात किन्सेंच्या निष्कर्षांचा आधार घेतला गेला. प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा ठरू नयेत, ही त्या संहितेची शिफारस १९६१ मध्ये इलिनॉय राज्याने सर्वांत आधी स्वीकारली. एड्सच्या साथीत ब्रिटनमधल्या संशोधकांना लैंगिक वर्तनाची पाहणी करायची होती, तेव्हा थॅचर सरकारने पैसे नाकारले. वेलकम ट्रस्टच्या मदतीने १९९०-९१ मध्ये सुमारे १९ हजार लोकांच्या मुलाखती झाल्या, आणि या वेळी नमुना शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडलेला होता.

आपल्याकडे मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. जोडीदार किती, निरोध वापरला का, हे प्रश्न आता तिच्या प्रश्नावलीत असतात.