गांधीबाग (नागपूर) : पादचारी वस्तीरचना
नागपूरच्या जुन्या शहरातील, निवास व बाजार परस्परांपासून पायी जाण्याच्या टप्प्यात असलेली व्यापारी वस्ती.

उगम : गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकारंभी वसविलेल्या व पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी राजधानी केलेल्या नागपुरात महाल व इतवारी या भागांभोवती मोटारपूर्व काळात जी दाट वस्ती वाढली, तिच्याच सलग पट्ट्यात हा भाग मोडतो (→ नागपूर शहर, भोसले घराणे).

वैशिष्ट्ये : ठोक कापडबाजार, तळमजल्यावर दुकान व वर बिऱ्हाड असलेले इमले, अरुंद गल्ल्या आणि व्यवसायानुरूप वसलेल्या ओळी ही येथील रचनेची प्रमुख अंगे होत; जवळच्या चितार ओळीत गणेशोत्सवापूर्वी मूर्तिकारांचे काम भररस्त्यालगत चालते. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ मध्ये मांडलेला, सुमारे पाव मैलाच्या त्रिज्येतील शेजारवस्तीचा सिद्धांत (→ नगररचना) ज्या सान्निध्याची योजनापूर्वक तजवीज करतो, ते येथे व्यवहारातून सिद्ध झाले. सेंट्रल ॲव्हेन्यूवरील अग्रसेन चौक स्थानकामुळे २०२२ पासून हा भाग मेट्रोने जोडला गेला आहे.

महत्त्व : बालके, वृद्ध व हमाल यांची ये-जा पायवाटेच्या सलगतेवर अवलंबून असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने पदपथावर किमान १.८ मी. मोकळी रुंदी आवश्यक ठरविली होती, तर पथविक्रेता अधिनियम, २०१४ विक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देतो. म्हणून वाहनतळ, मालाची चढ-उतार, विक्रेते व पादचारी यांच्या हक्कांचा मेळ घालणे हा अशा वस्तीच्या नियोजनाचा गाभा होय (→ पथविक्रेते, वाहतूक नियोजन).