नासाविवरांतील कर्करोग आणि पुण्याची शस्त्रक्रिया

नासिका व तिच्या भोवतीची अस्थिविवरे यांत उद्भवणारा कर्करोग विरळा होय. मस्तक व ग्रीवा यांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे 3 ते 5 टक्के मानतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 31 नासारोग गणले असून त्यांत 7 अर्बुदे आहेत. तथापि 'अर्बुद' हा शब्द गाठीचा वाचक आहे. त्यास आजच्या 'कर्करोगा'चा पर्याय मानणे युक्त नव्हे.

हा रोग डोळा, टाळू व मेंदू यांच्या सान्निध्यात वाढतो, आणि चोंदलेले नाक किंवा रक्तस्राव याखेरीज प्रारंभी फारशी खूण दाखवीत नाही. 1827 साली फ्रान्समधील ल्यों येथे झांसूल याने गाठीकरिता वरच्या जबड्याचे हाड काढले, तेव्हा शस्त्रक्रियेत भूल देण्याचा प्रघात नव्हता. 1963 साली अमेरिकेत केचम प्रभृतींनी कवटी व चेहरा अशा दोन्ही बाजूंनी गाठ काढण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. आज निवडक रोग्यांत हेच कार्य दुर्बिणीच्या साहाय्याने नाकपुडीतून होते.

परंतु छेदन हा चिकित्सेचा अर्धाच भाग होय. ज्या भाषेत 'नाक कापले जाणे' म्हणजे अप्रतिष्ठा, तीत दुसरा अर्धा, म्हणजे मुखाची पुनर्रचना, गौण ठरत नाही. या दुसऱ्या अर्ध्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यापाशी सापडतो.

1792 च्या युद्धात इंग्रजांकडील कावसजी नामक गाडीवानाचे नाक व एक हात टिपूच्या कैदेत कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळाची त्वचा सोडविली, भुवयांमधील दुवा राखून ती खाली वळविली आणि काताच्या लेपाने जोडली. सुमारे 25 व्या दिवशी तो दुवा कापला. सुश्रुताने पानाचे माप व गालाची त्वचा सांगितली आहे. यावरून ही क्रिया ग्रंथाची केवळ आवृत्ती नसून हस्तपरंपरेत घडत गेली असावी, असे अनुमान निघते.

हा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आला. तो वाचून कार्प्यू याने 1814 साली तेथे ही क्रिया केली व 1816 साली तीवर ग्रंथ लिहिला. कर्करोगामुळे नाक गमावलेल्यांस आजही कपाळाच्या त्वचेनेच पुष्कळदा नाक घडवितात.

वृत्तांतात रोग्याचे नाव आहे, कारागिराचे नाही. तो वीट पाडणाऱ्यांच्या जातीचा, एवढेच इंग्रजी लेखक नोंदतो. मराठीत तो बहुधा कुंभार म्हटला जाई. त्याची विद्या 'भारतीय पद्धती' या नावाने जगभर गेली.