बेने इस्रायल : पुरावा मागितला तो स्वकीयांनी

१/ अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आपली कुळकथा अशी सांगतात.

२/ या समाजाने तेलाचा घाणा पत्करला. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद राही, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून आली.

३/ धर्मग्रंथ जवळ नव्हते, हिब्रूचे विस्मरण झाले. तरीही शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम व 'शेमा' ही प्रार्थना टिकली. पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करून प्रेषित एलियाचे स्मरण होत राहिले.

४/ गावाने त्यांच्याकडे वंशाचा पुरावा मागितला नाही. मात्र यामागे निव्वळ औदार्य नव्हते. जातिव्यवस्थेने त्यांना एक जागा नेमून दिली आणि त्या जागेवर वेगळे राहण्यास हरकत घेतली नाही.

५/ १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. पुढे बगदादी ज्यू मुंबईत आले. १८३६ मध्ये त्यांनी सामायिक दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी केली. ज्यू असण्याविषयीची शंका प्रथम धर्मबांधवांकडूनच आली.

६/ १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल नव्या इस्रायल राष्ट्रात गेले. तेथे प्रश्न उभा राहिला : इतकी शतके धर्मपीठांपासून दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोटाचे व पुनर्विवाहाचे धर्मनियम पाळले गेले होते का? १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले.

७/ ज्यांनी शनिवार सोडला नाही, त्यांना विवाहासाठी वंशावळ दाखवावी लागणार होती. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले; धर्मपीठाला आपल्या निर्देशांतून त्यांचे नाव वगळावे लागले.

८/ कोकणात हा समाज वेगळा म्हणून स्वीकारला गेला; इस्रायलमध्ये त्याला आपण वेगळे नाही हे सिद्ध करावे लागले. तरी दोन्हींपैकी एकही नाते त्याने तोडले नाही. इस्रायलमध्ये त्यांनी चालवलेल्या मराठी नियतकालिकाचे नाव होते 'मायबोली'.