फुलपाखराचा शब्द, बिऱ्हाडाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

इंग्रजीतील 'फ्लिट' हे क्रियापद शब्दकोशात बहुधा फुलपाखराच्या सोबतीने भेटते. या फुलावरून त्या फुलावर भिरभिरणे, ओझरते दिसून नाहीसे होणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील जुन्या पिढीच्या कानांवर मात्र तो डास मारण्याच्या पत्र्याच्या पंपामुळे पडला. 'फ्लिट' हे अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९२३ मध्ये आणलेल्या कीटकनाशकाचे नाव. पण या शब्दाचा खरा इतिहास फुलपाखरांचाही नाही आणि डासांचाही नाही. तो भाडेकरूंचा आहे.

शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ 'वाहून नेणे'. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियन लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला. (संस्कृतातील 'प्लु', म्हणजे तरंगणे, हा धातू त्याचा दूरचा भाऊबंद.) डॅनिश आणि स्वीडिश भाषांत याच कुळातील क्रियापदाचा अर्थ आजही 'घर बदलणे' असाच आहे.

प्रमाण इंग्रजीत शब्द हलका होत गेला, त्याचे ओझे गळून पडले. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडने मात्र ते जपले. तेथे 'फ्लिट' म्हणजे सरळसरळ बिऱ्हाड हलवणे. दक्षिणेकडे नॉर्थम्प्टनशरमध्येही हा अर्थ परका नव्हता: कवी जॉन क्लेअर १८३२ मध्ये हेल्पस्टन सोडून अवघ्या तीन मैलांवरील नॉर्थबरोला राहावयास गेला आणि त्या दुःखावर त्याने लिहिलेल्या कवितेचे नाव 'द फ्लिटिंग'. तीन मैलांचे अंतर कोणाला क्षुल्लक वाटेल. क्लेअरला वाटले नाही.

स्कॉटलंडच्या शहरांत या शब्दाला कायद्याची तारीखच होती. घरे प्रायः वर्षाच्या कराराने भाड्याने दिली जात. १८८६ च्या कायद्याने घर सोडण्याची वेळ ठरवून दिली: २८ मे, दुपारी १२. त्या दिवशी खाटा, गाद्या, भांडीकुंडी लादलेल्या गाड्यांनी रस्ते भरून जात. पुढचे घर मात्र कित्येक महिने आधी, हिवाळ्यातच ठरवावे लागे. मे महिन्यात हाताला काम असेल की नाही, हे मजुराला फेब्रुवारीत कसे कळावे?

त्यात घरमालकाच्या हाती आणखी एक हत्यार होते. भाडे थकले तर भाडेकरूच्या सामानावर त्याचा तारणहक्क चाले. न्यायालयाच्या हुकमाने ते जप्त करून विकता येई. म्हणजे देणे राहिले तर छप्पर जाई आणि अंथरूणही. 'मूनलाइट फ्लिट', अर्थात रातोरात बिऱ्हाड हलवणे, हा वाक्प्रचार आज विनोदाने वापरला जातो. पण त्यामागे हा हिशेब आहे. भाडे बुडवणे एवढाच हेतू नसे, खाट आणि पातेली वाचवायची असत. जिन्यावर पाय न वाजवता उतरणाऱ्या माणसांपुरता शब्दाचा हलकेपणा खरा ठरला, असे म्हणता येईल.

मग १९१५ साल उजाडले. महायुद्धामुळे ग्लासगोच्या जहाजबांधणी व दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची रीघ लागली, घरे अपुरी पडली आणि मालकांनी भाडी वाढवली. गोवन भागात मेरी बार्बर आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी वाढीव भाडे नाकारले. घर रिकामे करावयास अधिकारी आला की घंटा वाजे आणि साऱ्या बायका जिन्यात गोळा होत. खिडक्यांत फलक लागले: 'भाडेसंप. आम्ही घर सोडत नाही.' फलकावर रोजच्या बोलीतला 'फ्लिट' नव्हता. तेथे होता 'रिमूव्हिंग', स्कॉटिश न्यायालयात घर खाली करवून घेण्याच्या दाव्याचा शब्द. मालकाचा शब्द उचलून त्यालाच नकार चिकटवला होता.

१७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडे थकवल्याबद्दल काही कामगारांना न्यायालयात खेचले, तेव्हा बाहेर हजारोंचा जमाव उभा राहिला. खटले मागे घेतले गेले. डिसेंबरमध्येच ब्रिटिश संसदेने युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा संमत केला आणि लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली.

तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यातही भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याच्या नावातही तेच शब्द होते: 'वॉर रिस्ट्रिक्शन्स'.