पाण्याकाठची खोप

आमच्या खोपीला कायमची अशी जागा कधी नव्हती. पावसाळ्यात ती वरच्या बांधावर असायची, संक्रांत झाली की पाण्याच्या मागं मागं खाली सरकायची. पाहुणे विचारायचे, "यंदा खोप कुठं हाय?" मग आधी पाणी कुठवर आलंय ते सांगावं लागायचं.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठाचं. म्हणजे जुनं गाव काठाचं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, पण गावं त्याच्या आधीच उठायला लागली होती. मी १९७७ ला दहावी झालो आणि त्याच उन्हाळ्यात आमचं घर उतरवलं. चौकटी, तुळया, वासे बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेले. दगड जड, ते तिथंच राहिले. आईचं उखळही राहिलं, कारण ते सोप्यात जमिनीत पुरलेलं होतं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पाणी काय रोज ऱ्हातंय व्हय?" तिला वाटलं, पूर आल्यासारखं येईल आणि ओसरून जाईल.

पलीकडं इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ पाण्यात गेलं. रेल्वेची जुनी लाईन उठली, नवी उंचावरून गेली. आमची काळी जमीन गेली आणि वर माळाला दीड एकराची पट्टी उरली. तिच्या खालच्या टोकाला दादानं, म्हणजे माझ्या वडलांनी, १९८१ च्या उन्हाळ्यात पहिली खोप घातली.

बाभळीच्या सहा मेढी, त्यातल्या मधल्या दोन उंच. त्यांच्या बेचक्यात आडं टाकलं, वर वासे आणि त्यावर उसाचं पाचट. तुराट्यांचा कूड करून आईनं शेणमातीनं लिंपला. दार पूर्वेला, पाठ पश्चिमेला, कारण पावसाळी वारा तिकडनं येतो. आई लोकांना सांगायची, राखणीला घातलीय. पण राखण करायला तिथं होतं काय? दादा संध्याकाळी दारात बसायचा आणि पाण्यातल्या वाळक्या चिंचेच्या बुंध्याकडं बोट करायचा. "तिच्या उजव्या अंगाला आपलं घर. विसरू नगं."

पुढं पाण्यानं आम्हाला नवं शिकवलं. आमच्याकडं पाऊस नसला तरी धरण भरतं, कारण पाणी येतं वरनं, पुण्याकडच्या सह्याद्रीतनं. श्रावण-भादव्यात चढतं, संक्रांतीनंतर हटायला लागतं. हटलेल्या जमिनीवर गाळपेर करायची. खत नको, नांगरट थोडी. कलिंगडं आणि काकड्या अशा यायच्या की वेल दिसायचा नाही. पिकामागं खोप खाली न्यायची आणि पाणी यायच्या आत वर आणायची.

पोरांची मजा खोपीवरच. मे महिन्यात सकाळपास्नं पाण्यात. आम्ही वाळका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकलो, माझी पोरं ट्रकच्या ट्यूबवर. गळाला गांडूळ लावून चिलापी धरायची, दगडाच्या चुलीवर भाजायची. एखाद्या दिवशी मरळ घावली की घरी निरोप जायचा, आज कालवण करू नका. थंडीत हुरडा. आगटी करायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. त्याच दिवसांत रोहित पक्षी यायचे. दादा त्यांना "लांब टांगांचे पाहुणे" म्हणायचा.

१९८८ साली मी एक शहाणपणा केला. लग्न झालेलं, हातात उसाचे थोडे पैसे होते. दरसाली खोप हलवायचा कंटाळा आला होता. उन्हाळ्यात मी बांधाच्या खालच्या अंगाला दगड-सिमेंटचं जोतं बांधलं, कंबरेएवढ्या भिंती उचलल्या, वर पत्रा टाकला. दादा म्हणाला, "जागा खाली हाय." मी म्हणालो, "गेल्या चार सालात पाणी इथवर आलंय का?" तो म्हणाला, "चार सालं तू मोजलीस. पाण्यानं न्हाईत मोजली."

त्या साली पाऊस जोराचा झाला. भादव्यात एका रात्री पाणी भिंतीला लागलं. सकाळी बघितलं तर जोत्याखालची माती सुटलेली, भिंत आडवी आणि पत्रे लाटांवर वाजत होते. दादा काही बोलला नाही. धोतर खोचून पाण्यात उतरला आणि एकेक पत्रा वर देत राहिला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तवापास्नं खोप नटबोल्टवर आहे. लोखंडी पाईपाचे खांब, बोल्टनं जोडलेली कैची आणि तेच जुने पत्रे, चेपलेले. चार माणसं अर्ध्या दिवसात सोडतात, ट्रॉलीत घालतात, अर्ध्या दिवसात उभी करतात.

दादा १९९९ ला गेला. जुनं घर त्याला पुन्हा दिसलं नाही. आमची आळी नदीच्या अगदी कडेची, सगळ्यात खोल. २०१६ च्या दुष्काळात पाणी खूप मागं गेलं, चिंचेचा बुंधा उघडा पडला, पण मांडीएवढ्या गाळात पुढं जाता आलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उण्यात गेलं आणि गाळ वाळून भेगाळला. त्याच मे महिन्यात कळाशी-कुगावच्या पाण्यात वादळानं बोट उलटून सहा माणसं गेली. काठाकाठाला चुली पेटल्या नाहीत. वारा फिरला की पाण्यात पाय घालायचा नाही, हा दादाचा नियम मी नातवाला पुन्हा सांगितला.

चार दिवसांनी आम्ही दोघं चालत खाली गेलो. बुंध्याच्या उजव्या अंगाला जोत्याची ओळ दिसली. मी पावलं मोजली. सोप्याच्या जागी खुरप्यानं उकरलं, तर हातभर खाली गोल काठ लागला. काठाला एक टवका उडालेला. तो मीच पोरपणी मुसळ आपटून उडवला होता आणि मार खाल्ला होता. नातू म्हणाला, "आबा, रडताय व्हय?" मी म्हणालो, "गाळाची धूळ गेली डोळ्यात."

ट्रॅक्टरला साखळी लावून उखळ वर आणलं.

आता मुलगा म्हणतो, पुण्याची माणसं पक्षी बघायला येतात, काठाला दोन स्लॅबच्या खोल्या बांधू. त्याचं चुकत नाही. दीड एकरावर घर चालत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमचं दोन महिने वाजलं. शेवटी मी त्याला १९८८ चं जोतं दाखवायला नेलं. उरलेत ते चार दगड. खोल्या बांध, म्हणालो, पण बांधाच्या वर, आपल्या पट्टीत. खालची खोप बोल्टवरच राहील. त्यानं मान्य केलं. पाया आखताना पाण्याची जुनी रेघ कुठवर होती, हे विचारायला तो माझ्याकडंच आला.

त्या साली श्रावणात धरण पुन्हा भरलं आणि चिंचेचा बुंधा बुडाला. उखळ आता वरच्या बांधावर, खोपीच्या पावसाळी जागेपाशी पुरलंय. हुरड्याला माझी बायको त्यातच चटणी कुटते. टवका उडालेल्या बाजूनं शेंगदाणे बाहेर उडतात. आईच्या वेळी पण उडायचे.